बंद मशीनच्या पोटातल्या फायली

पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळगावला जिल्हा मुख्यालय आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला आणि सिडकोने बांधलेल्या मुख्यालयाच्या इमारतींचे उद्घाटन ऑगस्ट २०२१ मध्ये झाले. तेव्हापासून या परिसरात अर्ज, प्रतिज्ञापत्रे, नकाशांच्या प्रती करून देणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बोईसर आणि तारापूरची औद्योगिक वसाहत आहे; तिथे रसायने, औषधांचा कच्चा माल, पोलाद, कापड तयार होते. या दोन टोकांमधल्या कार्यालयांत मी संगणकाची कामे करतो. पावसाळ्याच्या तोंडावर, विजा कडाडून गेल्यानंतरच्या सकाळी, एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत फोनवर येतो: "व्हीएम चालू होत नाही हो. आतल्या फायली मिळतील का?"

बहुतेक वेळा मिळतात. व्हर्च्युअल मशीन बंद का पडते, फायली बाहेर काढण्याच्या वाटा कोणत्या आणि त्या वाटा कुठे संपतात, याचा हा आढावा. माझे म्हणणे आधीच सांगतो. मशीन उठवणे हे एक काम आणि फायली काढणे हे दुसरे. आधी फायली काढाव्यात, मशीनचे मागाहून बघावे. मी पाहिलेले मोठे नुकसान लाइट गेल्यामुळे झाले नव्हते, ते लाइट आल्यानंतरच्या पहिल्या तासात झाले होते.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६०च्या दशकातच आपल्या मोठ्या संगणकांवर ती राबवली होती. आपल्या टेबलापर्यंत ती व्हीएमवेअरमुळे आली. ही कंपनी १९९८ ची आणि तिचे पहिले उत्पादन १९९९ चे. पुढे २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स आले, त्याच वर्षी लिनक्समध्ये केव्हीएम दाखल झाले आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आले. बाहेरच्या खऱ्या संगणकाला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट.

आपल्या भागात हा गेस्ट मुख्यतः तीन ठिकाणी भेटतो. एक म्हणजे कारखान्याचे हिशेब खाते. तिथे एका सर्व्हरवर टॅलीची एक मशीन, हजेरीची एक, जुन्या ईआरपीची एक अशी वाटणी केलेली असते. दुसरे ठिकाण प्रयोगशाळा आणि वजनकाटा. रसायनाची शुद्धता तपासणाऱ्या एचपीएलसी यंत्राचे सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वी विंडोज एक्सपीसाठी लिहिलेले असते. यंत्र ठणठणीत असते, त्याला जोडलेला संगणक मात्र मोडकळीला येतो. मग तो जुना संगणक जसाच्या तसा व्हर्च्युअल करून नव्या संगणकात बसवतात. तिसरे ठिकाण डीटीपीचे दुकान. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण मराठी माणसाचा सर्वांत जास्त ऐवज तिथे अडकलेला आहे.

मुळातली गोष्ट समजली की धीर येतो. आतल्या विंडोजला वाटत असते की आपल्याजवळ मोठी हार्ड डिस्क आहे. बाहेरून पाहिले तर ती होस्टवरची एक फाइल असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिचा प्रकार व्हीडीआय, व्हीएमवेअरमध्ये व्हीएमडीके, हायपर-व्हीमध्ये व्हीएचडी किंवा २०१२ पासून आलेली व्हीएचडीएक्स, केव्हीएममध्ये बहुधा क्यूकाऊ२. शेजारी एक छोटी फाइल असते आणि तिच्यात मशीनचे वर्णन असते: रॅम किती, नेटवर्क कार्ड कोणते, डिस्क कुठे ठेवली आहे. ही वर्णनाची फाइल बिघडली की सॉफ्टवेअर मोठी लाल चूक दाखवते आणि माणसाचा ठोका चुकतो. प्रत्यक्षात गेलेला असतो तो फक्त कागद. नवी मशीन तयार करायची आणि डिस्क विचारल्यावर ‘आधीचीच वापरा’ असे सांगून जुनी फाइल दाखवायची, की काम होते. व्हर्च्युअलबॉक्स तर या वर्णनाची आधीची प्रतही त्याच फोल्डरमध्ये ‘व्हीबॉक्स-प्रेव्ह’ या शेपटीने ठेवते. ती पाहायचे कुणाला सुचत नाही.

मशीन न उठण्याची कारणे पाहताना म्हणूनच बाहेरून आत जावे. अनेकदा दुखणे होस्टचे असते. होस्टची डिस्क भरली असेल तर गेस्ट मध्येच थिजतो, कारण वाढत जाणाऱ्या डिस्क-फाइलला वाढायला जागाच उरलेली नसते. दुसरे कारण इतके साधे आहे की त्याचा संशय येत नाही. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला, की बायोसच्या सेटिंग कारखान्यातून आल्या होत्या तशा होतात. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद होते आणि कालपर्यंत चालणारी ६४ बिट मशीन आज सुरू होत नाही. डिस्कला धक्काही लागलेला नसतो. सेल बदलावा, ती सोय पुन्हा चालू करावी. व्हीएमवेअरमध्ये लाइट गेल्यावर ‘एलसीके’ शेपटीची कुलपाची फोल्डरे मागे राहतात आणि मशीन दुसरीकडे चालू असल्याचा भास सॉफ्टवेअरला होतो. मशीन खरोखर कुठेही चालू नाही याची खात्री करून ती फोल्डरे बाजूला हलवली की अडथळा जातो.

नवी मशीन करून जुनी डिस्क जोडतानाही एक खड्डा आहे. एक्सपीची डिस्क आयडीई कंट्रोलरवर होती आणि नव्या मशीनने ती साटाला जोडली, तर एक्सपी निळा पडदा दाखवून ‘७बी’ची चूक देते. लोक त्याचा अर्थ विंडोज बिघडले असा लावतात आणि वरून नवीन विंडोज टाकायला घेतात. असे करू नये. कंट्रोलर बदलून पाहावा. तसेच मशीन ईएफआय पद्धतीची होती की जुन्या बायोसची, हे जुळले नाही तर निरोगी डिस्कही ‘बूट करण्याजोगे काही सापडत नाही’ असे सांगते.

यानंतर गेस्टच्या आतली दुखणी: अर्धवट अपडेट, बिघडलेला बूटलोडर, फाइल सिस्टीमची मोडतोड. यांत लाइट जाण्याचा वाटा मोठा आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकले, तेव्हाचे दिवस पालघरच्या कोणत्याही दुकानदाराला आठवतील. पण वादळाचीच गरज नसते. व्हर्च्युअल मशीनला लाइट जाण्याचा फटका दुहेरी बसतो. गेस्टने ‘लिहिले’ असे मानलेला मजकूर होस्टच्या मेमरीत वाट पाहत असू शकतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आयडीई कंट्रोलरसाठी होस्टचा हा कॅशे मुळातच चालू असतो, म्हणजे एक्सपीच्या जुन्या मशीनच याला जास्त बळी पडतात. व्हीएचडीएक्स प्रकारात मायक्रोसॉफ्टने डिस्क-फाइलच्या स्वतःच्या नोंदी लाइट गेली तरी सावरण्यासाठी लॉग ठेवला आहे. मात्र तो डिस्कच्या रचनेचे रक्षण करतो, तुमच्या हिशेबाच्या फाइलचे नाही. महिन्याला थोडे पैसे वाचवून यूपीएसची बॅटरी न बदलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता पहिला तास. मशीन एकदा उठली नाही, दुसऱ्यांदा उठली नाही, तर तिसऱ्यांदा चालू करू नका. प्रत्येक वेळी गेस्टमधले विंडोज स्वतःला दुरुस्त करण्याचा प्रयत्न करते आणि त्या प्रयत्नात डिस्कवर लिहिते. चेकडिस्क आपोआप सुरू झाले तर ते अर्धवट फायलींचे तुकडे ‘फाउंड.०००’ या फोल्डरमध्ये नाव-गाव पुसून टाकते. लिनक्समध्ये हेच ‘लॉस्ट+फाउंड’मध्ये होते. ही साधने वाईट नाहीत. त्यांचे काम फाइल सिस्टीमची रचना सुसंगत करणे हे आहे, तुमचा मजकूर वाचवणे हे नाही.

म्हणून पहिले काम एकच: सगळे बंद करून मशीनच्या पूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. एकट्या मोठ्या फाइलची नको, पूर्ण फोल्डरची, आतल्या स्नॅपशॉट आणि लॉगच्या फोल्डरांसकट. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर. मूळ फोल्डरला हात लावायचा नाही. एक टीबीची प्रत घ्यायला काही तास लागतात आणि त्या वेळात मॅनेजर साहेब चार वेळा डोकावतात. त्यांना चहा द्यावा, पण प्रत पूर्ण होऊ द्यावी. खाऱ्या, दमट, रसायनांच्या वाफा असलेल्या हवेत होस्टची खरी हार्ड डिस्कही आजारी असू शकते. ती कटकट आवाज करत असेल किंवा प्रत घेताना ठरावीक ठिकाणी अडकत असेल, तर साधी कॉपी थांबवा. लिनक्समधले जीएनयू डीडीरेस्क्यू आधी वाचता येईल ते सगळे उचलते आणि खराब भागाकडे नंतर वळते. अडखळलेल्या जागांचा हिशेब ते एका नोंद-फाइलमध्ये ठेवते, म्हणून काम मध्येच थांबवून पुन्हा चालू करता येते. आवाजच मोठा असेल तर डिस्क बंद करून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे पाठवणे शहाणपणाचे.

या विषयात सर्वांत जास्त घोटाळा स्नॅपशॉटमुळे होतो, म्हणून इथे थांबून लिहितो. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क-फाइल त्या क्षणी गोठते आणि त्यानंतरचे प्रत्येक लिखाण नव्या, वेगळ्या फाइलमध्ये जाते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरात लांबलचक क्रमांकाच्या नावाने असते, व्हीएमवेअरमध्ये नावापुढे ‘०००००१’ लागते, हायपर-व्हीमध्ये शेपटी ‘एव्हीएचडीएक्स’ होते. म्हणजे दोन वर्षांपूर्वी कोणी सॉफ्टवेअर टाकण्याआधी खबरदारी म्हणून स्नॅपशॉट घेतला असेल आणि तो तसाच राहिला असेल, तर गेल्या दोन वर्षांचा सगळा व्यवहार मुख्य फाइलमध्ये नाहीच. तो त्या अनोळखी नावाच्या फाइलमध्ये आहे. एका कारखान्यात जागा कमी पडते म्हणून कोणीतरी हेच ‘फालतू’ फोल्डर उडवले होते. मशीन पुन्हा उभी राहिली, पण त्यातली शेवटची पावती एकोणीस महिन्यांपूर्वीची होती. हिशेबनीस बाई त्या पडद्याकडे पाहत किती वेळ गप्प बसल्या होत्या ते मी विसरलेलो नाही.

स्नॅपशॉटची साखळी म्हणजे आई आणि तिच्यावर विसंबलेली लेकरे. आई बदलली की लेकरांचा हिशेब चुकतो. मूळ डिस्क नुसती ‘बघायला’ म्हणून उघडली आणि विंडोजने तिच्यावर चार नोंदी केल्या, तर व्हीएमवेअर पुढच्या वेळी सांगते की मूळ डिस्क बदलली आहे आणि साखळी जोडायला नकार देते. व्हीएमडीकेच्या वर्णनात प्रत्येक कडीचा ओळख क्रमांक आणि तिच्या आईचा क्रमांक लिहिलेला असतो. बदल किरकोळ असेल तर ते क्रमांक जुळवून साखळी पुन्हा जोडता येते, पण हे फक्त प्रतीवर आणि जाणकारानेच करावे. विंडोजमध्ये व्हीएचडीएक्सवर दोनदा क्लिक केले तर ती लिहिण्यायोग्य म्हणूनच जोडली जाते. त्याऐवजी डिस्क मॅनेजमेंटमधून ‘अटॅच व्हीएचडी’ निवडून ‘रीड ओन्ली’च्या चौकटीत खूण करावी. ही एक खूण अनेक साखळ्या वाचवते.

प्रत हाताशी आली की वाचण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्यांतली सोपी आधी धरावी. स्नॅपशॉट नसेल तर सेव्हन-झिप हे फुकट मिळणारे साधन व्हीडीआय, व्हीएमडीके, व्हीएचडी आणि क्यूकाऊ२ झिप फाइलसारखे उघडते. आत जाऊन हवे ते फोल्डर ओढून बाहेर घ्यायचे. ते मूळ फाइलवर काही लिहीत नाही, म्हणून नवशिक्यासाठीही सुरक्षित. मला स्वतःला मात्र दुसरी वाट जास्त आवडते: आजारी डिस्क एका निरोगी व्हर्च्युअल मशीनला दुसरी डिस्क म्हणून जोडायची. जुन्या काळी बंद पडलेल्या संगणकातली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला केबलने लावायचो, तेच हे काम, फक्त स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. स्नॅपशॉटची साखळी असेल तर शेवटची कडी जोडावी, आधीच्या कड्या सॉफ्टवेअर स्वतः गोळा करते. तिसरी वाट म्हणजे आजारी मशीनलाच उबंटूची लाइव्ह सीडी-फाइल लावून त्यावरून बूट करणे. आतले विंडोज झोपलेले राहते आणि त्याची डिस्क लिनक्समधून वाचता येते. विंडोज नीट बंद न होता हायबरनेट झाले असेल तर लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडते. आपल्याला तेवढेच हवे असते.

लिनक्स सर्व्हरवर काम करणाऱ्यांसाठी क्यूएमू-एनबीडी आणि लिबगेस्टएफएसमधले गेस्टमाउंट ही उत्तम साधने आहेत. डिस्क-फाइल जणू खरी डिस्क आहे अशी ती समोर ठेवतात, आणि ‘रीड ओन्ली’ सांगितले तर ऐकतात. एक बारकावा: ईएक्सटी४ विभाग नुसता ‘आरओ’ सांगून जोडला तरी तो आपले जर्नल पुन्हा चालवायला जातो, त्याला ‘नोलोड’ही सांगावे लागते. एलव्हीएम असेल तर आधी व्हॉल्यूम ग्रुप जागा करावा, नाहीतर डिस्क रिकामी दिसते आणि माणूस उगाच घाबरतो. विभागांची यादीच पुसली गेली असेल तर टेस्टडिस्क ती शोधून देते. त्याच लेखकाचे फोटोरेक नावे आणि फोल्डरे सोडून फायलींच्या आतल्या खुणांवरून मजकूर उपसते. फोटोरेक म्हणजे शेवटची पायरी. त्यातून दहा हजार फायली निघतात आणि एकीचेही नाव कळत नाही.

उघडल्यावर काय उचलायचे, हेही ठाऊक हवे. टॅलीचा डेटा कंपनीच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये असतो. ते फोल्डर अख्खे घ्यावे, आणि टॅलीच्या आयएनआय फाइलमध्ये डेटाची जागा कुठली लिहिली आहे ते आधी वाचावे, कारण बऱ्याच जणांनी ती डी ड्राइव्हवर हलवलेली असते. एसक्यूएल सर्व्हरच्या एमडीएफ आणि एलडीएफ या दोन्ही फायली एकत्र घ्याव्यात. मायएसक्यूएल असेल तर पूर्ण डेटा फोल्डर, आणि नंतर उघडायला शक्यतो तीच आवृत्ती. आउटलुकची पीएसटी लोक हमखास विसरतात. डेस्कटॉपही विसरतात, आणि महत्त्वाची कोटेशन तिथेच पडलेली असतात.

आता डीटीपीचे दुकान. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. पण महाराष्ट्रातल्या छापखान्यांत लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ग्रामदेवतेच्या जत्रेची पत्रके आणि कित्येक पुस्तके पेजमेकरमध्ये, श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फाँटमध्ये जुळवलेली आहेत. हे फाँट युनिकोडचे नव्हेत. त्यांत ‘क’च्या जागी प्रत्यक्षात एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते, फाँट आहे तोवर ते मराठी दिसते, फाँट गेला की नुसती चिन्हांची रांगोळी उरते. सॉफ्टवेअरला वरून डाँगलचे कुलूप. म्हणून अनेकांनी जुना एक्सपीचा संगणक व्हर्च्युअल मशीनमध्ये जपून ठेवला आहे. तो बंद पडला, तर जातो तो तीस वर्षांचा मजकूर.

या दुकानांत एक्सपी मोडची एक खास गाठ आढळते. विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी मोड दिला होता. त्याची डिस्क एकसंध नसते. पायाची मोठी व्हीएचडी प्रोग्राम फाइल्समधल्या ‘विंडोज एक्सपी मोड’ फोल्डरमध्ये असते आणि तुमचे काम दुसऱ्या, फरकाच्या व्हीएचडीमध्ये, वापरकर्त्याच्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरात. संगणक बदलताना लोक यांतली एकच उचलतात आणि दुसरीसकट जुना संगणक भंगारात देतात. विंडोज १० वर एक्सपी मोड चालत नाही, त्यामुळे गडबड कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दोन्ही फायली असतील तर चिंता नाही: त्या एकत्र करून एक व्हीएचडी बनवता येते आणि वर सांगितल्यासारखी वाचता येते. काढताना पेजमेकरच्या फायलींबरोबर विंडोजचे फाँट फोल्डर आणि फाँटच्या सॉफ्टवेअरचे फोल्डरही घ्यावे. आणि एकदा बाहेर आल्या, की त्या फायलींचे पीडीएफ काढावेत आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवावा. हे कंटाळवाणे काम आहे. पण दरवर्षी एक्सपीला सलाइन लावून जिवंत ठेवण्यापेक्षा हे एकदाच करावे लागते.

जगातली दोन उदाहरणे इथे उपयोगी पडतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर इंडिगोला हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यांत क्लाउडमधल्या असंख्य व्हर्च्युअल मशीन होत्या, ज्यांच्यासमोर जाऊन बसता येत नाही. उपाय कोणता होता? बंद मशीनची डिस्क सोडवायची, दुसऱ्या चालत्या मशीनला जोडायची, ती एक फाइल पुसायची आणि डिस्क परत जागेवर लावायची. बोईसरच्या कार्यालयात आपण जे करतो तेच. मायक्रोसॉफ्टने काही मशीनसाठी पंधरा वेळांपर्यंत रीस्टार्ट करून पाहा असेही सांगितले होते. माझ्या वरच्या सल्ल्याशी हे विसंगत वाटेल, पण तिथे बिघाडाचे नेमके कारण माहीत होते आणि डिस्क निरोगी होत्या. आपल्याला सकाळी नऊ वाजता यांतले काहीच माहीत नसते.

दुसरे उदाहरण फेब्रुवारी २०२३ चे. ईएसएक्सआय-आर्ग्ज नावाच्या खंडणीखोर व्हायरसने व्हीएमवेअरचे सर्व्हर गाठले. अमेरिकी यंत्रणांनी ३,८०० हून अधिक सर्व्हर बाधित झाल्याचे म्हटले. वर्णनाच्या छोट्या फायली त्याने कुलूपबंद केल्या, पण पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्ष मजकुराची मोठी ‘फ्लॅट’ फाइल जवळजवळ शाबूत राहिली होती. अभ्यासकांनी ते ओळखले आणि अमेरिकेच्या सीआयएसए या संस्थेने वर्णनाची फाइल नव्याने बांधून देणारी स्क्रिप्ट काही दिवसांतच खुली केली. व्हायरसच्या पुढच्या आवृत्तीने मोठ्या फायलींचाही बराचसा भाग कुलूपबंद केला आणि ही वाट बंद झाली. पहिल्या लाटेतल्या ज्यांनी हताश होऊन सर्व्हर लगेच पुसून टाकले, त्यांनी मात्र वाचू शकणारा डेटा आपल्या हातांनी घालवला. अशा हल्ल्याची माहिती सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार, सहा तासांत कळवावी लागते, हेही इथल्या कारखानदारांनी ध्यानात ठेवावे.

वाट संपते ती ठिकाणेही सांगायला हवीत. डिस्क-फाइल चुकून डिलीट झाली आणि ती एसएसडीवर होती, तर ट्रिममुळे रिकामी झालेली जागा लवकरच खरोखर पुसली जाते. तिथे रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी दोनदा विचार करा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर आशा असते, पण त्या संगणकावर पुढे काहीही लिहायचे नाही, रिकव्हरीचे सॉफ्टवेअरही त्यावर टाकायचे नाही. हळूहळू वाढणाऱ्या डिस्क-फाइलचा सुरुवातीचा नकाशा गेला तर आतले तुकडे कोणत्या क्रमाने लावायचे हे कळत नाही. ठरावीक आकाराची डिस्क अशा वेळी सोपी जाते, कारण तिच्यात मजकूर सरळ क्रमाने पडलेला असतो. महत्त्वाच्या मशीनला मी म्हणूनच ठरावीक आकाराची डिस्क देतो, जागा जास्त लागली तरी. आणि डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे बिटलॉकर. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की नसेल तर डिस्क कितीही निरोगी असो, आत जाता येत नाही. विंडोज ११ च्या मशीनला व्हीएमवेअरमध्ये व्हर्च्युअल टीपीएमसाठी वेगळा पासवर्डही ठेवावा लागतो. तो पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या डोक्यात असतो, असे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिले आहे.

बॅकअपविषयी थोडक्यात. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, कारण तो त्याच डिस्कवर राहतो. डी ड्राइव्हवरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, कारण सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा ज्यांचा बॅकअपही तिथेच होता त्यांच्या हाती काही उरले नाही. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने आणि कंपनीची हिशेबाची पुस्तके ८ वर्षे जपावी लागतात. पुस्तके संगणकावर असतील तर त्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा, असे कंपनी कायद्याचे नियम २०२२ पासून सांगतात. साधने दूर शोधायची गरज नाही. बॅकअपच्या क्षेत्रातली ड्रुव्हा ही कंपनी २००८ मध्ये पुण्यातच सुरू झाली, आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचे एक केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे. लहान दुकानाला तेवढेही नको. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क पुरतात, एक दुकानात आणि एक घरी, दर शनिवारी अदलाबदल. मात्र मशीन नीट बंद करूनच तिच्या फोल्डरची प्रत घ्यावी. चालू मशीनची नुसती कॉपी म्हणजे धावत्या माणसाचा हललेला फोटो.

हे वाचून झाल्यावर, मशीन नीट चालत असतानाच, एक काम करा. तुमच्या व्हर्च्युअल मशीनचे फोल्डर होस्टवर नेमके कुठे आहे, स्नॅपशॉट आहेत का, कंट्रोलर आयडीई आहे की साटा, बूट बायोसने होते की ईएफआयने, बिटलॉकरची की कोणती, हे सगळे एका वहीत पेनाने लिहा आणि ती वही संगणकाजवळ न ठेवता कपाटात ठेवा. मग शेवटच्या बॅकअपमधली एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडली नाही, तर मला किंवा तुमच्या भागातल्या कोणत्याही जाणकाराला आजच फोन करा.